बथशेबाला दोष कशासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला वासनेवरचा लेख वाचला आणि संताप आवरेना म्हणून लिहायला बसले. लेखक चर्चचे पाळक आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. स्त्रीकडे कामेच्छेनं पाहणाऱ्यानं मनात व्यभिचार केलाच, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन त्यांनी घेतलं, इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. पण तिसऱ्या परिच्छेदात 'भगिनींना' उपदेश सुरू होतो तो शेवटपर्यंत थांबतच नाही. कपडे कसे असावेत, चालावं कसं, हसावं किती! हे प्रवचन जिथे आहे त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू बोलतोय कोणाशी? पाहणाऱ्याशी. उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर उपटून टाक, हे ज्याचा डोळा त्यालाच सांगितलंय. जिच्याकडे पाहिलं जातं तिला त्या उताऱ्यात एकही आज्ञा नाही.

त्यावर कडी म्हणजे बथशेबा. तिनं म्हणे गच्चीवर उघड्यावर स्नान करून राजाला मोहात पाडलं. कृपा करून बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा ११वा अध्याय उघडा. गच्चीवर होता तो दावीद राजा. त्याचं सैन्य शत्रूच्या राब्बा शहराला वेढा घालून बसलेलं, आणि हा संध्याकाळी पलंगावरून उठून वाड्याच्या गच्चीवर फिरतोय. ती कुठे स्नान करत होती, हे शास्त्र सांगतही नाही. दावीदानं चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की ही एलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको. नाव कळलं, बाप कळला, नवरा कळला, आणि तो नवरा याच्याच लढाईवर गेलेला. तरी त्यानं माणसं पाठवून तिला आणवलं. राजाची माणसं दारात उभी असताना तिनं काय करायचं होतं? पुढे नाथान संदेष्टा आला, श्रीमंतानं हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, आणि 'तो मनुष्य तूच आहेस' हे दावीदाला तोंडावर सुनावलं. बथशेबाला बोल लावणारं अक्षरही त्यानं काढलं नाही. नाथानाला जो दोष दिसला नाही, तो आपल्या लेखकांना कुठे सापडला?

मला हे इतकं लागतं याला कारण आहे. तरुणपणी मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गायकमंडळात होते. एक वयस्कर गृहस्थ उपासनेनंतर हस्तांदोलन करताना हात सोडायचेच नाहीत, आणि त्यांची नजर चेहऱ्यावर नसायची. धीर करून मी वडीलधाऱ्यांना सांगितलं. कपडे जरा सैल घालत जा, असं उत्तर मिळालं आणि पुढच्या रविवारपासून मला मागच्या रांगेत उभं केलं. ते गृहस्थ पूर्वीसारखेच अर्पण गोळा करत फिरत राहिले. त्यांना कोणी ५वा अध्याय वाचून दाखवला नाही. माझ्या आईनंसुद्धा मलाच गप्प बसायला सांगितलं. आज मुली मोठ्या झाल्या, तरी मागच्या रांगेतली ती शरम मला आठवते आणि राग येतो. कालचा लेख वाचून एखादी मुलगी पुन्हा तशीच मागे सरकली असेल.

लग्न हाच वासनेवरचा उपाय, असंही लेखात आहे. वासनेनं जळण्यापेक्षा लग्न केलेलं बरं, हे प्रेषित पौलाचं वचन मलाही पाठ आहे. मी कॅथलिक नाही, पण पोप दुसरे जॉन पॉल यांनी ८ ऑक्टोबर १९८० रोजी सांगितलं होतं की नवरा स्वतःच्या बायकोकडेही नुसती भूक भागवायची वस्तू म्हणून पाहत असेल तर मनातला व्यभिचार तिथेही घडतो. त्यावर तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ते तंतोतंत पटतं. देवाच्या प्रतिरूपात घडवलेलं माणूस लग्नानंतर कोणाच्या मालकीचं होत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात शिमोन नावाचा परूशी, म्हणजे कर्मठ धर्मनिष्ठ, येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या स्त्रीची जात-कुळी मनात ठरवून मोकळा होतो, आणि येशू तिच्याकडे वळून त्याला विचारतो, ही स्त्री तुला दिसते ना? लेख या प्रश्नावर लिहायला हवा होता.

आणि लेखासोबतचं ते चित्र! वासनेपासून दूर राहा म्हणणाऱ्या मजकुराशेजारी अर्धवस्त्रातली बथशेबा पाऊण पान व्यापून छापायची गरज काय होती? याची जबाबदारी लेखकांची नाही, आपली आहे. पुढच्या वेळी हाच प्रसंग छापायचा असेल तर दावीदासमोर उभा असलेला नाथान छापा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार