सुटकेच्या तारखेकडे बघून शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारागृहात तयार झालेल्या वस्तूंच्या प्रदर्शनांचे कौतुक दरवर्षी छापून येते. माल खरोखर चांगला असतो. पण तो बनवणाऱ्यांना सुटल्यावर काम मिळावे, असे त्यांचे शिक्षण आखलेले नाही.

सुतारकाम घ्या. कारखाना विभागात लाकडी टेबल-खुर्च्या, कपाटे होतात, कारण मोठे गिऱ्हाईक सरकारी कार्यालये. रंधा-पटाशीवर हात बसतो, तो वाया जात नाही. मात्र शहरातला कंत्राटदार विचारतो ते वेगळेच: प्लायवूड कापता येते का, सनमायका बुडबुडा न राहता चिकटतो का, बिजागरीचे ३५ मिलिमीटरचे भोक आरपार न जाता पाडता येते का? टेलिस्कोपिक चॅनलच्या (ड्रॉवर सरकवणाऱ्या पट्ट्यांच्या) ड्रॉवरला दोन्ही बाजूंना साधारण १३ मिलिमीटर जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचे खोके कपाटातल्या मोकळ्या जागेपेक्षा २६ मिलिमीटर अरुंद. जागा कमी ठेवली तर चॅनल घासते, जास्त ठेवली तर ड्रॉवर हलतो. हे शिकवायला ड्रिल, ट्रिमर (कडा साफ करणारे यंत्र), हातातले गोल करवत आणि प्लायचे तुकडे पुरतात. हत्यारांच्या सुरक्षिततेची अडचण सांगितली जाते. प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेला फळा लावा आणि कैद्यांना बराकीत बंद करण्याआधी मोजणी करा; रिकामी आकृती लांबूनच दिसते. शिलाईतही ओव्हरलॉक यंत्र (कापडाची कड शिवणारे) आणि ठरलेल्या वेगाने एकच टप्पा शिवण्याचा सराव हवा.

दुसरी गोष्ट कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांची. देशातल्या कारागृहांत चारपैकी जवळपास तीन जण न्यायाधीन आहेत. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही, जामीन कधीही होतो आणि कोर्टाच्या तारखांनी हजेरी तुटते. तीन महिन्यांचा वर्ग त्यांच्यासाठी अर्धवटच राहणार. म्हणून अभ्यासक्रमाचे ४० तासांचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याची परीक्षा आणि प्रमाणपत्र वेगळे. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ काढला की अधीक्षकांनीच न्यायालयाला अर्ज करायचा असतो. म्हणजे ती तारीख कार्यालयाला आधीच काढता येते. वर्ग तिच्याकडून मागे मोजत आखावा.

आणि कागदपत्रे! इथेच सगळ्यात जास्त माणसे अडकतात, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. मोबाइल ९० दिवस वापरला नाही की नंबर बंद होऊ शकतो, पुढे तो दुसऱ्याला मिळतो. आधारला तोच नंबर जोडलेला असला की ओटीपी परक्याच्या हाती. दोन वर्षे व्यवहार नसलेले बँक खाते निष्क्रिय ठरते, मग पगार जमा कुठे करायचा? वाहन परवाना संपून वर्ष उलटले की पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि सुटलेल्या अनेकांची पहिली आशा ड्रायव्हरकीचीच असते. सुटकेच्या सहा महिने आधी आधार केंद्राचे यंत्र आणि बँकेचा कर्मचारी आत आणून केवायसी उरकता येईल. प्रमाणपत्रावर आयटीआयचे नाव असावे, कारागृहाचा पत्ता नको.

सुतार, शिंपी, न्हावी, गवंडी यांना पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. तिची नोंदणी कुठे, कशी करायची, हे सांगणारा एक कर्मचारी प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाने नेमावा आणि सुटणाऱ्याच्या हाती त्याचा फोन नंबर द्यावा.

आपला,
एक शिल्प निदेशक, नाशिक