'सर्वोच्च पॅकेज'ने काय कळते?

महोदय,

बारावीचा निकाल लागला, की लहानमोठ्या खासगी विद्यापीठांच्या पानभर जाहिराती सुरू होतात आणि त्यांत एखाद्याच विद्यार्थ्याला मिळालेले 'सर्वोच्च पॅकेज' ठळक अक्षरांत झळकते. वास्तविक एनआयआरएफ या केंद्र शासनाच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती जणांनी प्रवेश घेतला, किमान मुदतीत किती जणांनी पदवी मिळवली, किती जणांना नोकरी लागली, त्यांचे मध्यक वेतन किती आणि उच्च शिक्षणाकडे किती जण वळले, हे वर्षवार भरून द्यावे लागते. मध्यक वेतन हा यातला सर्वांत प्रामाणिक आकडा, कारण निम्म्यांची कमाई त्याहून कमी असते. तो जाहिरातीत सहसा सापडत नाही, हे ओघाने आलेच.

खर्चाच्या बाबतीत पालक अधिकच गाफील असतात. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी १०० टक्के शुल्कमाफी देणारा जुलै २०२४ चा शासननिर्णय आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना लागू आहे. मात्र अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खासगी, विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत, हे अनेकांना प्रवेश घेतल्यावरच समजते. त्यात लहान विद्यापीठात जागा रिकाम्या राहिल्या, की त्याचा भार प्राध्यापकांच्या संख्येवर, ऐच्छिक विषयांवर आणि अखेर शुल्कावर पडतो.

म्हणून क्रमवारीत भाग न घेणाऱ्या विद्यापीठांनाही हे आकडे, वसतिगृह आणि मेसच्या खर्चासह, माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापणे राज्य शासनाने येत्या प्रवेशप्रक्रियेपूर्वी बंधनकारक करावे.

– एक पालक, सातारा