घर भाड्याने दिलेल्यांनो, ईपीसी बघून घ्या

मंडळी, इंग्लंड-वेल्समध्ये ज्यांनी घर भाड्याने दिलंय त्यांनी ईपीसीची (म्हणजे घर ऊर्जा किती कार्यक्षमतेने वापरतं ते सांगणारं एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट) तारीख आजच चेक करा, सर्टिफिकेट १० वर्षंच चालतं. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की फुकटात दिसतं. एप्रिल २०२० पासून जुना भाडेकरू असला तरी रेटिंग (ए सर्वात चांगलं, जी सर्वात वाईट) किमान ई लागतं, एफ-जी असेल आणि एक्झम्प्शन (नियमातून सूट) रजिस्टर केलेलं नसेल तर दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, कशाला उगाच. आणि हो, असेसर (घर तपासून हे रेटिंग ठरवणारा) यायच्या आधी इन्सुलेशनची बिलं, गॅरंटीचे कागद काढून ठेवा, भिंतीच्या आत काय भरलंय ते त्याला थोडंच दिसतं, कागद नसला की तो घराच्या वयावरून अंदाज धरतो आणि आपण केलेला खर्च रेटिंगमध्ये येतच नाही. नवीन भाडेकरूला कॉपी फुकट द्यायची असते, एजंट देईल म्हणून बसू नका.