पिकअपचे मीटर बदलण्याआधी

वाळूज, १० एप्रिल

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

सामानाचं खोकं एसटीच्या पार्सलने अंबडला पाठवलं आहे. उघडल्यावर दिसेल की मीटर तीनच आहेत आणि वायर, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं), फ्यूज यांचाच ढीग मोठा आहे. हे मी विचार करून केलं आहे. बाबा, तुम्ही फोनवर सांगितलंत की हेडलाईट लावली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो, इंडिकेटर दिला की सगळे काटे त्याच्या तालावर हलतात आणि डिझेलचा काटा टाकी भरली तरी अर्ध्याच्या पुढे जात नाही. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. दिवा लावल्यावर काटा हलत असेल तर दोष बहुतेक वेळा मीटरचा नसतो, मीटर बोर्डाच्या अर्थिंगचा असतो. दिव्यांचा करंट बॅटरीकडे परत जायला नीट वाट मिळाली नाही की मीटरच्या वायरीतून वाट काढतो. अशा वायरिंगवर कितीही भारी मीटर बसवला तरी तोही चुकीचंच दाखवेल.

म्हणून मृग बहाराची मोसंबी संपून गाडी आठ दिवस मोकळी आहे तोवर आधी मोजमाप करायचं, मग अर्थिंग, मग हेडलाईट आणि सगळ्यात शेवटी मीटर. वायरमनने क्रम उलटा करू म्हटलं तरी ऐकू नका.

मोजमापाला खोक्यातला पिवळा मल्टिमीटर आहे. आई, आकडे तू वहीत लिही. तुझं अक्षर वायरमनलाही वाचता येतं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहा. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर तिथेच १३.८ ते १४.४ यायला हवं. १३ च्या खाली राहिलं तर आधी फॅन बेल्ट आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) बघायचा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला आहे. तो तसाच ठेवला तर बल्ब उडत राहतील आणि बॅटरीचं पाणी आटेल. आता इंजिन चालू, हेडलाईट चालू ठेवून मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन हेडलाईटच्या अर्थ वायरवर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर तिथलं अर्थिंग खराब. तीच लाल पिन मीटर बोर्डाच्या अर्थ वायरवर, मग इंजिनच्या उघड्या धातूवर, मग केबिनच्या बॉडीवर. चार आकडे, चार ओळी. काम झाल्यावर हेच चार आकडे पुन्हा घ्यायचे आहेत, म्हणून वही जपून ठेव.

अर्थिंगला खोक्यात तांब्याच्या दोन चपट्या विणीच्या पट्ट्या आहेत. एक इंजिनपासून चेसीपर्यंत, दुसरी चेसीपासून केबिनपर्यंत. जुन्या गाडीत इंजिनची पट्टी तुटलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग सेल्फ मारताना तो सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा स्पीडोमीटरच्या केबलमधून जातो. केबल आतून भाजते आणि अडकायला लागते. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढायचा, लग कसून आवळायचा आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलिन लावायचं. रंगावर बोल्ट आवळला तर ते अर्थिंग होत नाही, नुसता देखावा होतो. मीटर बोर्डासाठी स्वतंत्र काळी वायर, १.५ चौरस मिलिमीटरची, थेट चेसीच्या त्याच बोल्टला. डॅशबोर्डच्या स्क्रूला गुंडाळून मोकळं व्हायचं नाही.

कुठलीही वायर सोडण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा आणि सगळं झाल्यावर तोच शेवटी लावायचा. प्लस आधी काढायला गेलं आणि पाना बॉडीला लागला तर पाना जागेवरच लाल होतो. बाबा, त्या वेळी हातातलं कडंही काढून ठेवा.

हेडलाईटबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. लिलावाला पहाटे निघताना अंधारात उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागे ना दिवा ना रेडियम. आपल्या दिव्याचा उजेड पिवळट पडतो तो बल्बमुळे नाही. दोन्ही अप्पर (लांबचे झोत) मिळून १२० वॅट, म्हणजे दहा अँपिअर, बॅटरीपासून आधी चावीच्या स्विचमध्ये, तिथून डिपरच्या स्विचमध्ये आणि मग पुढे अशा लांबच्या बारीक वायरीने जातात. वाटेत एक-दीड व्होल्ट गळतो. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड तीस टक्क्यांनी घटतो. त्यावर जास्त वॅटचा बल्ब लावणं हा उलटा उपाय आहे. करंट वाढतो, स्विच वितळतो. ६०/५५ चेच बल्ब राहू द्या आणि दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावा, एक अप्परचा, एक डिपरचा.

रिलेच्या खाली आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या प्लसवरून १५ अँपिअरचा निळा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची लाल वायर ३० नंबरला. ८७ वरून तसलीच वायर दोन्ही हेडलाईटना. जुनी हेडलाईटची वायर तोडायची नाही, ती ८६ ला. ८५ ला अर्थ. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेला जागं करण्यापुरता, पाव अँपिअरच्या आत करंट जातो. फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कुणीच नाही. आणि फ्यूजचा नंबर वायरच्या जाडीवरून ठरतो. उडतो म्हणून मोठा घातला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती तुमच्या गुडघ्यांच्या वर जळते. काही गाड्यांत डिपरचा स्विच प्लसऐवजी अर्थ तोडतो. वायरमनने टेस्ट लॅम्प लावून आधी हे बघावं; तसं असेल तर ८५ आणि ८६ ची जोडणी बदलेल.

आता मीटर. टेंपरेचर, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट, तिन्ही ५२ मिलिमीटरचे गोल. टेंपरेचर आणि ऑइल या दोघांसोबत त्यांचा त्यांचा सेन्सर आहे आणि जोडी फोडायची नाही. काटा हा खरं तर ओहम, म्हणजे सेन्सरचा विद्युत रोध, मोजतो आणि प्रत्येक कंपनीचा हिशोब निराळा असतो. डिझेलच्या टाकीतलंच घ्या: एका प्रकारचा फ्लोट (डिझेलवर तरंगणारा सेन्सर) रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ दाखवतो, दुसऱ्या प्रकारचा रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. एकाचा मीटर दुसऱ्याच्या फ्लोटला जोडला तर भरलेली टाकी रिकामी दिसते. म्हणूनच डिझेलचा मीटर मी अजून घेतलेला नाही. टाकीवरची सेन्सरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवा. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला तर मीटर आणि वायर ठणठणीत आहेत, दोष फ्लोटचा किंवा त्याच्या अर्थिंगचा आहे. दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवून ठेवू नका, जुना मीटर आतून जळतो. मग टाकी रिकामी असताना आणि काठोकाठ भरल्यावर फ्लोटचे ओहम मोजून आईने लिहावेत. ते आकडे मिळाले की बरोबर तोच मीटर किंवा फ्लोट पाठवते.

जुन्या मीटर बोर्डाच्या मागे काडेपेटीहून लहान पत्र्याची डबी असेल तर ती स्टॅबिलायझर. ती डिझेल आणि टेंपरेचर या दोन काट्यांना कमी केलेलं व्होल्टेज पुरवते. तिचं अर्थिंग सुटलं की दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागतात. एकच काटा चुकत असेल तर तिचा दोष नाही. नव्या मीटरना तिच्यातून सप्लाय द्यायचा नाही, चावीनंतरच्या लाईनवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट द्यायचा.

टेंपरेचरच्या सेन्सरला एकच वायर असते, अर्थ त्याच्या आट्यांमधून मिळतं. गळू नये म्हणून कुणी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले तर अर्थ तुटतं आणि इंजिन तापलं तरी काटा थंडच राहतो. बसवण्याआधी घरीच परीक्षा घ्या. पातेल्यात पाणी उकळायला ठेवून सेन्सरचं टोक दोऱ्याने त्यात सोडा आणि ओहम बघा. पाणी तापत जाईल तसे ओहम सारखे उतरत गेले पाहिजेत. आपल्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हाचा आकडा लिहून ठेवा.

बाबा, हे मात्र नीट वाचा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाईप फुटून पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि चढलेला काटा अचानक खाली येऊ शकतो. मे महिन्यात, भरल्या गाडीने चढ चढताना काटा एकदम उतरला तर बरं वाटून घेऊ नका. बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण तासभर तरी उघडू नका. काटा उतरला म्हणून गाडी चालवत राहण्याच्या एका चुकीने इंजिनचं हेड वाकतं.

ऑइलचा मीटर विजेचाच घेतला आहे. नळीतून तेल थेट डॅशबोर्डपर्यंत आणणारा प्रकार स्वस्त असतो, पण ती बारीक नळी तडकली की गरम तेल पायावर येतं. जुना लाल दिव्याचा स्विच काढायचा नाही. काट्याकडे तुमची नजर दहा मिनिटं जाणार नाही, दिवा मात्र लगेच दिसतो. दोन्ही लावायला पितळी टी (तीन तोंडांचा जोड) आहे, पण ती सेन्सरच्या वजनासह इंजिनवर लटकवली तर हादऱ्याने मानेतून तुटते आणि सगळं तेल रस्त्यावर जातं. म्हणून सोबत जाळीचा होज दिला आहे: टी पत्र्याला क्लॅम्पने घट्ट बसवा आणि तिला वेगळी अर्थ वायर द्या, नाहीतर दिवाही लागणार नाही आणि काटाही हलणार नाही. आपल्या इंजिनचे आटे कोणते ते जुना स्विच काढून जुळवून पाहा. जबरदस्ती करून बसवलं तर ब्लॉकचे आटे जातात.

स्पीडोमीटर केबलचा आहे तोच राहू द्या. काटा नाचत असेल तर केबल बाहेर काढून पुसा, पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचं बोटभर टोक कोरडं ठेवा, ग्रीस वर चढून मीटरमध्ये जातं.

बोर्डातले बारीक बल्ब बदलून एलईडी लावले तर चालतील, चार्जिंगचा लाल दिवा सोडून. त्या दिव्याच्या तारेतूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. तिथे एलईडी लावली की गाडी सुरू होते, पण अल्टरनेटर जागा होत नाही आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरलेली असते. जुना २ वॅटचाच बल्ब तिथे ठेवा. डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेच्या झडपेची) वायर आपल्या गाडीत असेल तर तिच्या फ्यूजवर दुसरं काहीही जोडू नका. मोबाईलच्या चार्जरने तो फ्यूज उडवला तर गाडी चालता चालता बंद पडेल.

जोड कसा करायचा, यावरच पुढची दहा वर्षं ठरतात. वायरी पिळून वर काळी टेप, हा जोड आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. टेपचा गोंद पातळ होऊन गळतो, टेप उलगडते, आत धूळ आणि पावसाळ्यात ओल जाऊन तांबं हिरवं पडतं. लग क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायचा, हाताने जोरात ओढून बघायचा आणि त्यावर हीटश्रिंकची नळी तापवून बसवायची. कथिलाचा जोड हादऱ्याच्या जागी नको, कथिल संपतं तिथेच वायर तुटते. वायर गाडीचीच वापरा. घराच्या फिटिंगची उरलेली वायर इंजिनजवळच्या तेलात आणि उष्णतेत कडक होऊन तडकते. केबिनच्या पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं), बाकी सगळीकडे नळी, आणि दर वितीवर टाय. सायलेन्सरपासून हातभर दूर. गाडी शेडमध्ये पेंडीच्या पोत्यांजवळ लावू नका, उंदीर आधी पेंडीला येतात आणि मग वायरीला.

वायरमनला हे पत्र द्या. बोर्ड उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला पांढरी चिकटपट्टी लावून नंबर टाका. एका दिवसात सगळं उरकायचा आग्रह धरू नका. दिवे झाले की रात्री एकदा गावाबाहेर जाऊन या, मगच मीटरला हात लावा.

आई, काम झाल्यावरचे चार आकडे आणि टाकीचे दोन ओहम रविवारी फोनवर सांग. हेडलाईटचा आकडा ०.२ च्या वर असेल तर बाबांना पहाटे निघू देऊ नको, त्या दिवशी माल दुसऱ्याच्या गाडीने जाऊ दे.

तुमची,
धाकटी