डबा तपासता, मग घंटाही तपासा

मा. संपादक,

लठ्ठ मुलांवर काही छापून आलं की सगळे लगेच डब्यात डोकावायला लागतात, आईने काय दिलं, तेलकट का दिलं, भाजी का नाही दिली वगैरे. डब्यात काय आहे ते महत्त्वाचं आहेच, कोण नाही म्हणतंय, पण तो खायला पोरांना वेळ किती मिळतो हे कोणी विचारतच नाही राव.

कागदावर सुट्टी अर्ध्या तासाची असते. त्यातली पाच मिनिटं फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातात, मग हात धुवायला नळावर रांग, मग वॉटरबॅग भरायची, आणि तेवढ्यात ग्राउंडवर बाकीच्यांचा खेळ सुरू झालेला खिडकीतून दिसत असतो, मग कुठलं पोर शांतपणे चावून खाणार? दोन घास कोंबायचे, झाकण लावायचं आणि पळायचं. भाजी, फळं चावायला वेळ लागतो म्हणून नेमकं तेच उरतं. मग शाळा सुटली की भुकेने कावलेलं पोर हाताला येईल ते पाकीट फोडतं आणि घरी आपण म्हणतो बघा याला जंकच आवडतं.

हे मी मनाचं सांगत नाहीये. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा अमेरिकेतल्या शाळांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात ज्या मुलांना बसून जेवायला २० मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळाला त्यांनी निदान २५ मिनिटं मिळालेल्यांपेक्षा मुख्य पदार्थ १३ टक्के, भाज्या १२ टक्के आणि दूध १० टक्के कमी खाल्लं-प्यायलं. त्यात मुलांचं वजन मोजलेलं नव्हतं हे मान्य, पण ताटातली भाजीच पोटात जाणार नसेल तर मेनू कितीही पौष्टिक छापा, काय उपयोग.

दुसरं म्हणजे खेळ आधी आणि जेवण नंतर ठेवायचं. जिथे असं करून पाहिलंय तिथे मुलं फळं-भाज्या जास्त खातात आणि टाकतात कमी असं दिसलंय. याला खर्च जवळजवळ शून्य, टाइमटेबलमध्ये दोन चौकोन इकडचे तिकडे करायचे, बस. पण शाळेत टाइमटेबल हलवायचं म्हणजे डोंगर हलवल्यासारखं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा!

जपानमध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा १९५४ पासून आहे. तिथे प्राथमिक शाळेत मुलंच वाढतात, शिक्षक वर्गात त्यांच्यासोबत जेवतात आणि ती वेळ शिक्षणाचाच भाग धरतात. तिथली मुलं फार जाड नाहीत त्याचं सगळं श्रेय जेवणाला देणार नाही मी, चालत शाळेत जाणं वगैरेही असेल, पण तिथे जेवण उरकून टाकायची गोष्ट नाही एवढं नक्की.

कँटीनबद्दल थोडक्यात. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. लहान मुलाचा तो कोटा एका कॅनमध्येच जवळपास संपतो, आणि पाण्याचा नळ मात्र बऱ्याचदा बंद! चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असल्याचे काळे इशाऱ्याचे शिक्के असलेले पदार्थ शाळेत विकायलाच बंदी घातली, म्हणजे मनात आणलं तर होतं.

आणि हो, पोरांना सगळ्या वर्गासमोर वजनकाट्यावर उभं करणं आधी थांबवा. आकडा मोठ्याने वाचला म्हणून कोणी बारीक होत नाही, उलट ते पोर दुसऱ्या दिवसापासून डबाच उघडत नाही.

माझी मागणी साधी आहे. हात धुणं आणि रांग सोडून, बसल्यापासून निदान २५ मिनिटं जेवायला, खेळ त्याच्या आधी, आणि प्यायचं पाणी नेहमी चालू. पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी हा विषय घ्यावा.

एक पालक