देठाचा पीळ

बडोदे,
17 मे

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. शिव्या घालत असशील तर घाल, हक्क आहे तुझा. पण शेवटी तू जी ओळ खरडलीस ना, "अजून चित्रं काढतेस का गं, की नुसत्या ऑर्डरी?", तिनं माझा जीव खाल्ला. चिडले म्हणून उत्तर नाही लिहिलं. आणि चिडले, कारण तेव्हा समोर ऑर्डरच होती.

इथल्या एका बिल्डरला नव्या इमारतीच्या लॉबीसाठी चार चित्रं हवीत, प्रत्येक चार बाय सहा फूट. विषयही त्यानंच दिला. "बेन, ऑर्किड करो ने, क्लासी लागे." अर्धे पैसे तिथल्या तिथे मोजून दिले. वरच्या खोलीचे पत्रे पावसाआधी बदलायचे आहेत, तेव्हा मी मान डोलावली. मग तीन आठवडे फोनवरचे फोटो बघत काढत बसले आणि जे निघालं ते लग्नपत्रिकेवर छापण्याच्या लायकीचं. रिसेप्शनच्या स्टेजवर पांढऱ्या-जांभळ्या फुलांच्या लडी सोडलेल्या असतात बघ, खरी की प्लास्टिकची हे बोट लावल्याशिवाय कळत नाही. तसंच माझं चित्र. बोट लावायचीही गरज नाही.

एक दिवस आई चहा घेऊन वर आली, कॅनव्हासकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "आणि झाड कुठंय याचं?" कप ठेवला नि गेली. सुमे, मला खरंच माहीत नव्हतं. कमाटीबागेत बसून वडाच्या पारंब्या आपण शंभरदा काढल्या असतील, पण ऑर्किडचं झाड मी आयुष्यात धड बघितलेलं नव्हतं.

खंडेराव मार्केटातल्या फुलवाल्यानं पत्ता दिला. वाघोडिया रोडवरून बरंच आत, तंबाखूच्या शेतांपलीकडे एका काकांचं ग्रीनहाऊस आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर हा उद्योग मांडलाय. सकाळी साडेआठला पोचले तरी उन्हानं डोळे उघडत नव्हते. आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर धुकं! एका बाजूला भिंतभर जाड पुठ्ठ्याची जाळी, तिच्यावरून पाणी झिरपतंय. समोरच्या बाजूला भले मोठे पंखे हवा बाहेर खेचताहेत. बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या जाळीतून आत येईपर्यंत गार होते. म्हणजे आपला वाळ्याचा पडदाच की! काका म्हणाले, लोकांना वाटतं मे महिना कठीण, पण मे कोरडा असतो, त्यात हे मस्त चालतं. खरी परीक्षा जुलैत. हवाच ओली असली की पाणी सुकत नाही, नि सुकलं नाही तर गारवा कुठून येणार?

पाणी सुकत नाही याचा प्रसाद मलाही मिळाला. उत्साहानं जलरंग घेऊन गेले होते. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकला, दहा मिनिटांनी बघते तर तो तसाच चकाकतोय. कागद पापडासारखा फुगला. दुसरा रंग लावला की पहिल्यात पळतोय. वरती हिरवी नेट, त्यामुळे कागदच हिरवट दिसतो. तिथे जमवलेला जांभळा बाहेर उन्हात आणला तर भलताच भडक गुलाबी निघाला. शेवटी रंग गुंडाळले आणि पेन्सिल काढली. त्या पेन्सिलीनंच वाचवलं, कसं ते सांगते.

पहिला तास फुलंच बघितली आणि, खरं सांगू, कंटाळले. फॅलेनॉप्सिस नावाच्या ऑर्किडची रांगच्या रांग, सगळी एका मापाची, सगळी आपल्याकडे तोंड करून. ही फुलं दोन-दोन, तीन-तीन महिने टिकतात म्हणे. मी विचारलं, एवढी कशी टिकतात? काका हसले. काडेपेटीतली एक काडी घेतली, फुलाच्या मधोमध जो छोटा दांडा असतो त्याच्या टोकाला खालून हलकेच लावली. टोकाची टोपी निघाली आणि काडीला दोन पिवळे दाणे चिकटून आले, मोहरीपेक्षाही बारीक. एवढेच पराग, गठ्ठ्यानं. मधमाशी आली की ते असे तिला चिकटतात. "हे दुसऱ्या फुलाला लागले की काम झालं, दोन दिवसांत पाकळ्या मिटतात. इथे कोण येतंय? म्हणून बसलीत बिचारी सजून." तेवढ्यापुरती मला त्या पांढऱ्या रांगेची दया आली. तरी काढावीशी वाटली नाहीत.

मग पलीकडच्या भागात गेलो आणि तिथे मात्र मी थांबले. तिथे कुंड्याच नाहीत. तारेला लाकडी टोपल्या टांगलेल्या, टोपलीत ना माती ना शेणखत. नुसतं झाड, आणि खाली हात-दोन हात लोंबणारी मुळं, एखाद्या म्हातारीनं न्हाऊन केस मोकळे सोडावेत तशी. रंग चंदेरी राखाडी. दाहोदकडचा एक पोरगा पाइप घेऊन आला आणि मुळांवर पाणी धरलं. माझ्या डोळ्यांदेखत, मिनिटाभरात, ती राखाडी मुळं हिरवी झाली! मुळावर पांढरं, स्पंजसारखं आवरण असतं. ते पाणी प्यायलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा दिसायला लागतो. सुकलं की पुन्हा राखाडी. तो पोरगा हिरव्याकडे बघूनच ठरवतो कुठल्या झाडाला पाणी पुरलं. त्याच्याकडचे दोन शेड मला मिसळायला दोन तास लागले असते.

हे झाड म्हणजे वांडा. काकांनी नाव विचारलं, मी म्हटलं वंदना, तर खूश. "म्हणजे तुमचंच झाड!" वंदा हा आपला संस्कृत शब्दच, झाडावर वाढणाऱ्या झाडाला म्हणायचे. कलकत्त्याला न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सनं तो उचलला आणि लॅटिनात नेऊन बसवला. गुजरातच्या जंगलात आंब्यावर, मोहावर याची एक जात सर्रास दिसते. लोक बांडगूळ समजून काढून टाकतात, पण ती झाडाचं काही खात नाही, नुसती बसायला जागा घेते. (भाडेकरू बरा असावा तो असा. आमच्या खालच्यांना सांगायला हवं.)

तर पेन्सिलीचं. एका टोपलीतल्या दांड्यावर वर उमललेली फुलं नव्हती, खाली एक-दोन अर्धवट आणि टोकाला कळ्या. मी खालून वर काढत गेले आणि घोटाळा झाला. फुलात जी वेगळी, जिभेसारखी पाकळी असते ती खाली होती. कळीत मात्र तीच फुगवटी वरच्या अंगाला. वाटलं माझंच चुकलं. खोडून परत काढलं, पुन्हा तेच. काकांना हाक मारली तर म्हणाले, बरोबर आहे तुमचं, कळी उलटीच असते. उमलायच्या आधीच्या दिवसांत ती देठावर अर्धा फेरा घेते, जीभ खाली येते, म्हणजे मधमाशीला उतरायला पाट होतो. वर कुठलं आणि खाली कुठलं हे तिला वजनावरून कळतं, म्हणून कळ्या आल्या की टोपली फिरवायची नाही, नाहीतर फुलं वेडीवाकडी तोंडं करतात.

मी वाकून फुलामागचा देठ बघितला. सुमे, त्यावर पीळ होता. खरा पीळ. ओलं पातळ पिळून दोन टोकांना धरावं तशा उभ्या कंगोऱ्यांच्या रेघा गोल वळत गेलेल्या. आणि तो नुसता देठही नाही, तोच बीजकोश, पुढे फळ धरलं तर तोच फुगणार. मूठभर धुळीसारखं बी त्यातून उडतं. एकेक बी एवढं रिकामं की स्वतःपुरतं अन्नही बरोबर नाही, रुजायचं तर बुरशीची मदत लागते. 1922 मध्ये अमेरिकेत नडसननं साखर घातलेल्या जेलीवर बुरशीवाचून ते रुजवून दाखवलं, म्हणून तर आज काकांच्या कपाटात जॅमच्या बाटल्यांसारख्या बाटल्यांतून इवलाली रोपं उभी आहेत. बाटलीतून फुलापर्यंत चार-पाच वर्षं. बँकेत मुदत ठेवी सांभाळलेल्या माणसाला हे जमतं, मला नसतं जमलं.

मग मी रोज जायला लागले. सलग नऊ दिवस, साडेआठची रिक्षा, तीच टोपली, तीच कळी, मागून. दर दिवशी एक पान. चौथ्या दिवशी कळी कलती झाली, सहाव्या दिवशी आडवी. माझी नऊ पानं ओळीनं लावली तर ती मान वळवताना दिसते.

घरी मात्र तो पीळ ब्रशनं येईना. रेघ मेलेली. शेवटी एका संध्याकाळी कीर्तिमंदिरात गेले. आठवतं, सरांनी आपल्याला नंदलाल बोसांच्या भिंतीसमोर जमिनीवर बसवून नुसत्या रेघा उतरवायला लावल्या होत्या? 1939 ते 1946 एवढी वर्षं ते शांतिनिकेतनहून येऊन-जाऊन त्या भिंती रंगवत होते, आणि आपण दोन तासांत पाय अवघडले म्हणून कुरकुरत होतो. परवा परत तशीच बसले. त्या भिंतीवरच्या गंगावतरणाच्या चित्रातली रेघ वळणावर जाड होते, सरळ जाताना निवते. वळताना दाबायचं. एवढंच विसरले होते मी, ऑर्डरी करता करता सगळीकडे सारखाच दाब द्यायची सवय लागली होती.

पहिलं चित्र झालं: वांडा, पाठमोरा, देठ आणि मुळं, मुळं अर्धी हिरवी अर्धी राखाडी. बिल्डर बघायला आला. दोन पावलं मागं गेला, दोन पुढं आला. "बेन, बहु सरस. पण फूल कुठं?" मी म्हटलं पलीकडे. तो खरंच फ्रेमच्या मागं डोकावला गं! हसूही येईना मला. शेवटी तडजोड अशी: तीन त्याची, पांढरी, तोंड दाखवणारी, क्लासी. पाठमोरं माझ्याकडे. पत्रे बदलायचे आहेत ना. तू म्हणशील, सुंभ जळाला... म्हण. पण ऑर्डरी करून करूनही तो राहिलाय, हे तुझ्या त्या ओळीचं उत्तर.

आता तुझं काम. तुमच्या परसातल्या फणसावर जूनच्या तोंडाला सीतेची वेणी फुलते, तू एकदा फोटो पाठवला होतास. तिचा अख्खा तुराच खाली लोंबतो. मग तिची कळी फिरते का, आणि फिरली तर किती? मला ते फोटोतून नको. स्टूल घेऊन फणसाखाली बस, शाळेच्या तपासायच्या वह्या चार दिवस राहू देत, आणि रोज एक पान काढ, मागून. बोटं आखडली असतील, आखडू देत. पानं पावसाआधी पोस्टात टाक. वॉश नको लावूस, तुमच्या हवेत सुकायचा नाही.

सोबत माझं सहाव्या दिवसाचं पान पाठवतेय, कळी आडवी असलेलं. कोपऱ्यात डाग आहे तो चहाचा, आईचा.

तुझी,
वंदू