आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : बाळाच्या कार्डावर आईसाठी एक ओळ हवी

मा. आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

बाळ ८ महिन्यांचं असताना माझी पाळी परत आली. दुसऱ्या दिवशी तासाला एक पॅड भिजत होतं, लिंबाएवढ्या गाठी पडत होत्या. डॉक्टरांना सांगितलं तर ते मान वर न करता म्हणाले, "बाळंतपणानंतर असं होतंच." घरातल्या बायकाही तेच म्हणाल्या. मग मी तीन पाळ्या अंगावर काढल्या. चौथ्या वेळी धाप लागून जिन्यातच बसले, तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.२. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.

"होतंच" हे अर्धं खरं आहे, आणि तिथेच घोळ होतो. अंगावर पाजणाऱ्या आईच्या पहिल्या एक-दोन पाळ्या पुष्कळदा बीज न सुटताच येतात. गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम जातं. ते आपोआप रुळावर येतं. पण याच एका "होतंच"खाली फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) झाकला जातो, पॉलिप (अस्तराचा वाढलेला कोंब) झाकला जातो, बिघडलेला थायरॉइड झाकला जातो. काहींना रक्त नीट न गोठण्याचा फॉन विलेब्रँड हा जन्मजात आजार असतो. गरोदरपणात त्यातला कमी असलेला घटक रक्तात वाढतो, बाळंतपणानंतर पुन्हा उतरतो. म्हणजे नऊ महिने सगळं ठीक दिसतं आणि नंतर अंगावरून जाऊ लागतं. शिवाय पहिल्या पाळीआधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे पाळी वाटते तो कधी गर्भपातही असतो.

बाळंतिणीची तपासणी साधारण ६ आठवड्यांनी होते आणि तिची फाइल मिटते. पाळी मात्र पाजणाऱ्या आईला कित्येक महिन्यांनी येते. तोवर ती दवाखान्यात जातच असते, बाळाच्या लसींसाठी! तिथे बाळाचं वजन, उंची, डोक्याचा घेर, सगळं त्याच्या लसीच्या कार्डावर टिपतात. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

म्हणून मागणी एवढीच : त्या कार्डावर आईसाठी एक ओळ छापा. पाळी सुरू झाली का, किती दिवस जाते, पॅड किती वेळात भिजतं? सलग दोन-तीन तास तासाला एक पॅड भिजत असेल, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडत असतील किंवा रक्तस्राव ७ दिवसांपुढे जात असेल, तर "बघू पुढच्या महिन्यात" नको. त्याच दिवशी रक्त तपासा आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघा, कारण हिमोग्लोबिन उतरण्याआधीच शरीरातला लोहाचा साठा संपतो. तांबी बसवल्यावर रक्तस्राव वाढू शकतो, हेही ती बसवण्याआधी सांगायला लावा. गर्भाशयात बसवायच्या संप्रेरक (हार्मोन) असलेल्या साधनाने उलट तो कमी होतो. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिड या औषधाचा शोध जपानच्या ओकामोटो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये जगापुढे मांडला. इतकं जुनं औषध, तरी त्याचं नाव मी चौथ्या पाळीनंतर ऐकलं.

माझ्या बाबतीत पॉलिप निघाला. तो काढायला अर्धा तासही लागला नाही. लोह भरून यायला मात्र महिने गेले.

ती ओळ मी माझ्या बाळाच्या कार्डावर, डोक्याच्या घेराच्या रकान्याखाली, पेनाने लिहून ठेवली आहे. पुढच्या लसीच्या वेळी सिस्टरना दाखवणार आहे. छापील ओळ आपण कधी देताय, ते कळवा.

आपली,
एक आई